सोडणं

मुहर्रकच्या केंद्रात दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
टेबलावर लाकडी पेटी, मधोमध फळी,
एका खणात इंचभराचे ठोकळे, दुसरा रिकामा.
साठ सेकंद. एकेक ठोकळा फळीपलीकडे न्यायचा.
मी घड्याळ दाबते आणि ओठांतल्या ओठांत मोजते,
मोजणं अजून मराठीतच होतं माझं.

गानिम, वय अकरा. उजवी बाजू जन्मापासून हट्टी.
डावा हात : अठ्ठावन्न.
उजवा हात : सात.
धरायला तो हात तयार असतो, जरा जास्तच तयार,
ठोकळा मुठीत गेला की मूठच ठोकळा होते.
मी वहीत लिहिते : पकड आहे. सोडणं नाही.

आमच्या अभ्यासात पहिला प्रश्न मुलालाच विचारायचा,
डॉ. हनादी त्यासाठी दोन वर्षं भांडल्यात :
तुला काय करता यावंसं वाटतं?
आई म्हणाली, अक्षर.
बाप म्हणाला, गळ्याची बटणं.
गानिम खिडकीबाहेरच्या एसीच्या डब्याकडे बघत म्हणाला,
आजोबांच्या मजलिसमध्ये गहवा द्यायचाय.

गहव्याचा कायदा साधा :
दल्ला डाव्या हातात, फिंजान उजव्या.
याला कुणी रागावणार नाही उलटं केलं तरी.
त्याला सूट नकोय.

मी डावखुरी. अकलूजला प्रसादासाठी पुढे केलेला हात
आत्यानं हलकेच मागे सारला होता, दुसरा ओढून घेतला होता.
डावलणं हा शब्द कुठून आला असेल,
ते मला कोशात बघावं लागलं नाही.
तरी मी त्याला म्हणाले नाही, दे की डाव्यानं,
काय फरक पडतो.

बारा आठवडे.
गरम पाण्यात मऊ केलेली पट्टी त्याच्या मनगटावर बसवली,
थंड होईपर्यंत दोघंही न हलता बसलो.
आधी रिकामा दल्ला, मग पाणी, मग कालचा चहा.
फुटलेली फिंजानं : नऊ.
(हा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, कुणालाच माहीत नाही.)

शेवटी पुन्हा पेटी. पुन्हा साठ सेकंद.
उजवा हात : नऊ.
सातचे नऊ. आमचा आकडेवाला उण्णी, पलक्कडचा,
पडद्यावरून नजर न काढता म्हणतो,
हा फरक म्हणजे फरक नव्हे.

शुक्रवारी, अस्रनंतर, कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी.
आजोबा, दोन काका, शेजारचे एक म्हातारे नाखुदा,
दाराशी मोझा, तिचीच बोटं एकमेकांत अडकलेली.
गानिम उभा. धार बारीक, पिवळसर,
फिंजानाच्या तळाशी दोन घोट. सांडलं नाही.
मग हात पुढे,
आणि बोटं मिटलेलीच.
आठ. नऊ. दहा.
राहू दे, असं कुणी म्हणालं नाही.
नाखुदांनी आपला तळवा त्याच्या मुठीखाली धरला,
नुसता धरला, ओढलं नाही,
भिजलेल्या दोराची गाठ आपण होऊन ढिली व्हायची
वाट बघितली असेल त्यांनी कितीदा.
चौदाव्या सेकंदाला अंगठा निघाला.

फॉर्मवर दोनच चौकोन : स्वतः. मदतीने.
समोरच्यानं थांबणं ही मदत धरायची का?
हनादींना विचारायला हवं. तोवर पेन्सिलीनं.

गानिमनं स्वतःला दहापैकी नऊ दिले.
एक का कापलास?
उशीर झाला, म्हणाला. त्यांचा गार झाला असेल.

आता तो माझ्यासमोर.
मी उजवा हात पुढे करते, मलाही जरा अवघडच जातं.
तेरा सेकंद.
पुरे झालं की फिंजान हलवायचं असतं,
सहा वर्षं इथं काढल्यावर हे मला पक्कं ठाऊक आहे.
मी हलवत नाही.
तो भरतो, थांबतो. बारा.
पुन्हा.
आज रात्री काही झोप लागायची नाही मला.